पाहुणा की गिऱ्हाईक?

रविवारची सुट्टी आपल्याला कोणी दिली असे विचारले, तर दहांतले नऊ जण बिनदिक्कत साहेबाचे नाव घेतील. साहेबाची सुट्टी साहेबापुरती होती. मुंबईच्या गिरणीतल्या माणसाला ती मिळाली १० जून १८९० रोजी, आणि तीही नारायण मेघाजी लोखंडे ह्यांनी १८८४ साली गिरणी कामगारांची संघटना उभारून सहा वर्षे सभा भरवल्या, अर्ज केले, तेव्हा. रविवार हा खंडोबाचा वार. सहा दिवस मालकाचे झाल्यावर सातवा दिवस माणसाला स्वतःसाठी आणि समाजासाठी मिळाला पाहिजे, अशी त्यांची बाजू होती. पुढे एकशेतीस वर्षांनी, २९ फेब्रुवारी २०२० पासून, महाराष्ट्र सरकारच्या कचेऱ्यांना शनिवारही मोकळा झाला. बऱ्याच खाजगी कचेऱ्यांतून तो त्याआधीच झाला होता. असे दोन दिवस एकापुढे एक येऊन बसले. इतक्या सायासाने मिळालेल्या ह्या दोन दिवसांचे आपण केले काय? बाजारात नेऊन उभे केले.

शुक्रवारी संध्याकाळी खालापूरच्या टोलनाक्यावर मोटारींची जी रांग लागते, ती एकदा नीट पाहावी. प्रत्येक मोटारीत एक दमलेले कुटुंब असते आणि ते विश्रांतीला निघालेले असते. दोन-तीन तास रांगेत, अर्धा तास मोटार उभी करण्यात, मग खोलीचा ताबा. दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर उठायचे, कारण नाश्ता दहापर्यंतच मिळतो आणि त्याचे पैसे आधीच घेतलेले असतात. मुलांनी तलावात डुंबायचे, बापाने फोनवर कचेरीशी बोलायचे, आईने ओले कपडे खुर्च्यांवर वाळत घालायचे. रविवारी रात्री तीच रांग उलट्या तोंडाने. सोमवारी विचारावे, "काय, कशी झाली सहल?" तर उत्तर ठरलेले, "मस्त! पण फार दमलो बुवा."

दमणाऱ्यांची मला कीवच येते. माझे भांडण आहे ते एका शब्दाशी. तो शब्द म्हणजे 'होमस्टे'. घरी राहणे, एवढाच त्याचा सरळ अर्थ. पण ज्याच्या घरी राहायचे त्याचे नाव माहीत नसते, त्याच्या म्हातारीचे काय दुखते ते ठाऊक नसते, निघताना तिच्या पाया पडायचे नसते. पैसे आधी भरायचे आणि घरी आल्यावर तारे द्यायचे, पाचांपैकी किती ते. हिवाळ्यात हुरड्याचीही हीच गत. माणशी अमुक रुपये; त्यात हुरडा, लसणाची चटणी, गूळ, उसाचा रस आणि बैलगाडीतून एक फेरी. शेतकऱ्याने चार पैसे मिळवावेत ह्याला माझी मुळीच हरकत नाही. ज्याच्या ज्वारीला बाजारात धड भाव मिळत नाही, त्याने हुरड्याला दर लावला तर त्याचे चुकले कुठे? सरकारनेही २०२० साली कृषी पर्यटनाचे धोरण करून त्याच्या पाठीवर हात ठेवला आहे. तेव्हा विकणाऱ्याशी माझे वैर नाही. वैर आहे ते एका विशिष्ट जातीच्या गिऱ्हाइकाशी. ह्या गिऱ्हाइकाचा स्वतःचा एक मित्र, एखादा मामा, एखादी चुलत बहीण खेड्यात शेती करून राहत असते. तिने दहा वेळा "या एकदा" म्हणून निरोप धाडलेला असतो. आणि तरीही हा पैसे भरून परक्याच्या बांधावर हुरडा खातो. कारण विचारले की म्हणतो, "अहो, उगाच त्यांना कशाला त्रास?"

ही सबब मोठी सभ्य दिसते. तिच्या पोटात काय आहे ते मला सांगायचे आहे. पण त्याआधी मी स्वतः कुठे जाऊन आलो ते सांगितले पाहिजे.

गेल्या पौषात मी अंतरवाली सराटीला मित्राकडे दोन रात्री राहून आलो. जालना जिल्हा, अंबड तालुका. कचेरीत नाव उच्चारले मात्र, तीन प्रश्न एकामागून एक आले. "ते आंदोलनाचं गाव?" "तिथं बघण्यासारखं काय आहे?" आणि "राहायची सोय काय?"

पहिल्या प्रश्नाचे उत्तर होय. २९ ऑगस्ट २०२३ रोजी मनोज जरांगे ह्यांनी तिथे मराठा आरक्षणासाठी उपोषण आरंभले, १ सप्टेंबरला लाठीमार झाला आणि एका रात्रीत गावाचे नाव घरोघर पोहोचले. १४ सप्टेंबरला मुख्यमंत्री एकनाथ शिंदे ह्यांना तिथे जाऊन उपोषण सोडवावे लागले. २०२५ च्या ऑगस्टात मुंबईच्या आझाद मैदानाकडे माणसे निघाली तीही इथूनच. त्या मागणीचा वाद मी फराळाच्या ताटावर आणीत नाही. ज्याचे मत त्याच्यापाशी. मला खटकते ते एवढेच, की दोन वर्षे महाराष्ट्राने हे गाव दिवाणखान्यात बसून पाहिले, आणि पाहिले काय? एक मांडव, एक खाट, आणि एकमेकांच्या खांद्यांवरून पुढे आलेले ध्वनिक्षेपक. मांडवामागे काळी जमीन आहे, तिच्यात कापूस, ऊस नि मोसंबी आहे, आणि तिथे लोक सकाळी उठून दात घासतात, हे कोणाच्या ध्यानात आले असेल असे वाटत नाही.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देताना मात्र मला जोर चढतो. बघण्यासारखे काय? अंबडला माशाच्या आकाराच्या टेकडीवर मत्स्योदरी देवी आहे. शेजारच्या घनसावंगी तालुक्यात जांब आहे, समर्थ रामदासांचे जन्मगाव. शहागडला गोदावरीचे पात्र आहे. थोडे वर गेले की पैठण, एकनाथांचे. तिथेच जायकवाडीचा नाथसागर. आणि मी ह्यांपैकी एकही स्थळ पाहिले नाही. मी मित्राला पाहायला गेलो होतो.

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मी दिलेच नाही. मित्राच्या घरी जाणाऱ्याला 'राहायची सोय काय' असे विचारणारा माणूस आपल्या पिढीत निपजला, ह्याचेच मला नवल वाटत राहिले.

पुण्याहून अहिल्यानगर, पाथर्डी करीत गेवराई गाठायची आणि शहागडला गोदावरी ओलांडली की आपण जालना जिल्ह्यात शिरतो. धुळे-सोलापूर रस्त्यावर वडीगोद्रीला उतरलो तेव्हा मित्र मोटारसायकल घेऊन उभा होता. वसतिगृहात आम्ही तीन वर्षे एका खोलीत काढली. त्याला आता तीस वर्षे होतील. घराच्या दारात त्याची आई बसलेली. तिला सगळे गाव 'बाई' म्हणते, म्हणून मीही बाईच म्हणतो. "कव्हाचा निघालास लेकरा? पाय धू अन् भाकर खा," एवढेच ती म्हणाली. प्रवास कसा झाला, खोली आवडली का, आणखी काही हवे का, असले प्रश्न तिने विचारले नाहीत. चुलीपाशी येसराची आमटी शिजत होती, तिचा वास विचारील ते प्रश्न.

आता ह्या दोन दिवसांत मी विश्रांती घेतली म्हणजे काय केले, ते ऐका. पहिल्या रात्री दोन वाजता उठलो. मित्राला गव्हाला पाणी द्यायचे होते आणि विजेची पाळी रात्रीची होती. "तू झोप," तो म्हणाला. पण मी गेलो आणि विजेरी धरून बांधावर उभा राहिलो. तो फावड्याने एक एक वाफा फोडी आणि पाणी आत वळवी. थंडी अशी की बोलताना तोंडातून वाफ निघावी. तासाभराने आम्ही बोलायचेही थांबलो. पाणी पुढच्या वाफ्यात शिरताना एक बारीक आवाज करते, तो ऐकत उभे राहिलो. चार वाजता परत येऊन झोपलो ते साडेआठपर्यंत. इतकी गाढ झोप मला कोणत्याही 'एक दिवस दोन रात्री'वाल्या जागी लागलेली नाही, आणि त्याचे कारण मला ठाऊक आहे: त्या घरात मला कोणी ग्राहक मानले नव्हते, त्यामुळे खूश राहण्याची जबाबदारी माझ्यावर नव्हती.

दुसऱ्या दिवशी मोसंबीच्या बागेत गेलो. झाडे मलूल दिसत होती, पाने पिवळटलेली, बरीच गळून खाली पडलेली. मी घाबरून म्हणालो, "अरे, बाग चालली की तुझी!" तो हसला. "ताण दिलाय तिला. पाणी तोडलंय." मग त्याने समजावले. मोसंबीला आंबिया बहार धरायचा असेल तर मार्गशीर्ष-पौषात महिना-दीड महिना पाणी तोडतात. झाड वाढायचे थांबते, पाने टाकते, जे काही अंगात आहे ते साठवते. मग खत घालून पाणी सोडले की एकदम फुलावर येते. बारमाही पाणी पिणारे झाड नुसते पाला वाढवते. शहरात आम्ही ज्याला ताण म्हणतो तो कमी व्हावा म्हणून पैसे मोजतो. तिथे ताण म्हणजे झाडाची सुट्टी! शब्द एकच. हे मी त्याला बोलून दाखवले, तर म्हणाला, "तुमचं तुम्ही बघा, मला फुलं लागली म्हंजे झालं."

ही बाग सुखासुखी उभी नाही. २०१२-१३ च्या दुष्काळात जालना जिल्ह्यात मोसंबीच्या बागाच्या बागा वाळून गेल्या. मित्राने टँकरने पाणी घालून अर्धी वाचवली आणि अर्धी कुऱ्हाड लावून सरपणाला काढली. जालन्याच्या मोसंबीला आज भौगोलिक मानांकन आहे, म्हणजे तिच्या नावाची नक्कल करायला बंदी आहे. आभाळाला मात्र कसलीच बंदी नाही. हे सारे तो बांधावर बसून, आगटीत कणसे फिरवीत सांगत होता. हुरडा गुळभेंडीचा होता. कणीस निखाऱ्यावर धरायचे, हातावर चोळायचे, फुंकर मारून समोरच्याच्या ओंजळीत टाकायचे. दर कोणी सांगितला नाही, मीही विचारला नाही.

इथे वाचक म्हणतील, ठीक आहे, तुम्हांला एक बरा मित्र मिळाला. म्हणून आम्ही जग पाहू नये की काय? जरूर पाहावे. जगाचेच एक उदाहरण देतो.

माझा भाचा चाकणकडे एका कोरियन कारखान्यात नोकरीला आहे. त्याला सहा महिने शिकण्यासाठी कोरियाला धाडले होते. तिथला एक सहकारी एकदा शनिवार-रविवारी त्याला आपल्या घरी घेऊन गेला. घर कुठे, तर जेजू नावाच्या बेटावर. हे बेट म्हणजे कोरियाचे महाबळेश्वर आणि गोवा एकत्र. वस्ती सात लाखांच्या आत, आणि पाहायला येणारी माणसे वर्षाला सव्वा कोटीहून अधिक! राजधानी सोल ते जेजू हा विमानमार्ग जगातल्या सर्वांत गजबजलेल्या मार्गांत पहिला गणला जातो. मध्यभागी हाल्ला नावाचा १९५० मीटरच्या आसपास उंचीचा ज्वालामुखी पर्वत आहे. त्याला आणि तिथल्या लाव्हाच्या भुयारांना युनेस्कोने २००७ साली जागतिक वारशात घेतले. माझ्या भाच्याने ह्यांतले काय पाहिले? माझ्यासारखेच, काही नाही. बहिणीने फोनवर त्याला चांगले फैलावर घेतले: "एवढ्या लांब गेलास आणि नुसता बसून आलास?"

बसून आला, पण काय काय घेऊन आला पाहा. त्या बेटावर सगळीकडे काळा दगड. शेतांचे बांध काळ्या दगडाचे, घरांच्या भिंती काळ्या दगडाच्या. ज्वालामुखीने ओतलेला तो बसाल्ट; आपल्या दख्खनचा काळा पत्थर तोच. सहकाऱ्याच्या घरची शेती संत्र्यांची. एके काळी त्या बेटावर संत्र्याच्या झाडाला 'विश्वविद्यालयाचे झाड' म्हणत, कारण दोन-चार झाडांच्या फळांवर एका मुलाचे शिक्षण होई! हे मी मित्राला सांगितले तेव्हा तो काही वेळ गप्प बसला, मग म्हणाला, "आमच्याकडं उलटं होतं बघ. पोराच्या शिक्षणापायी झाडं विकायची पाळी." सहकाऱ्याची म्हातारी आई भाच्याच्या पुढ्यात संत्री सोलून ठेवी; दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती, तरी तो म्हणतो, तिच्या बोलण्यातले निम्मे त्याला कळले. रात्री खालून ऊब दिलेल्या जमिनीवर गादी टाकून तो झोपला. शेजारी एक हेन्यो राहत होती. हेन्यो म्हणजे प्राणवायूची नळकांडी न घेता, श्वास रोखून समुद्रात बुडी मारणाऱ्या आणि शिंपले-शेवाळ काढून संसार चालवणाऱ्या बायका. युनेस्कोने २०१६ साली त्यांच्या ह्या परंपरेचीही नोंद घेतली. आता त्यांतल्या बहुतेक जणी साठीच्या पुढच्या आहेत. ही शेजारीण सकाळी भिजल्या केसांनी आली, परका पोरगा दिसला म्हणून काही खायला ठेवून गेली आणि पुन्हा दिसली नाही.

पण त्याने आणलेली सगळ्यांत मोलाची गोष्ट निराळीच. जेजूच्या जुन्या घरांना फाटक नसे. त्या बेटाची कीर्तीच अशी, की इथे भिकारी नाही, चोर नाही आणि फाटक नाही. फाटकाच्या जागी दोन बाजूंना भोके पाडलेले दोन दगड, आणि त्यांत आडव्या घालायच्या तीन दांड्या. ह्याला ते जोंगनांग म्हणतात. एकही दांडी घातलेली नाही, म्हणजे घरची माणसे घरात आहेत, या. एक घातली, म्हणजे जवळच कुठे गेलो आहोत, आत्ता येऊ. दोन घातल्या, म्हणजे यायला संध्याकाळ होईल. तिन्ही घातल्या, म्हणजे लांब गावाला गेलो आहोत. गाई-घोडी आत शिरू नयेत एवढाच बंदोबस्त. माणसाला अडवायचा हेतूच नाही. सव्वा कोटी प्रवासी ज्या बेटावर विमानाने उतरतात, त्यांतले किती जण दांडी न घातलेल्या दारातून आत जातात? बाकीच्यांनी त्या दांड्यांसमोर उभे राहून छायाचित्रे काढली असतील. बेटावरच्या लोकांना ह्या गर्दीचा अलीकडे कंटाळा आला आहे, कचऱ्याचा नि पाण्याचा प्रश्न झाला आहे, असे तो सांगतो. त्यांचा कंटाळा समजण्यासारखा आहे. पाहुणा येतो तेव्हा घर मोठे होते. गिऱ्हाईक आले की घराचे दुकान होते, आणि दुकानदाराला मालाचा उबग येणारच.

आता आमच्या फाटकाची कथा सांगतो. मी पुण्यात एका गृहसंकुलात राहतो. नाव सांगत नाही, कारण तुमचेही तसेच असेल. फाटकावर पहारेकरी. त्याच्या हाती एक यंत्र. येणाऱ्याने त्यात नाव घालायचे, तोंडाचे छायाचित्र द्यायचे, मग माझ्या फोनवर घंटा वाजायची, मी 'मान्य' म्हणायचे, मग दांडी वर. तीन वर्षांमागे माझा मित्र बाईला घेऊन आला तेव्हा मी कचेरीत बैठकीत होतो, फोन बंद. ती सत्तरीची आजारी बाई फाटकाबाहेर दगडावर पाऊण तास बसून होती. पहारेकऱ्याचा दोष नाही. त्याने तिला पाणी दिले. यंत्राला पाणी देता येत नाही.

बाईला एका रुग्णालयात रोज उपचार घ्यावे लागणार होते. अठरा दिवस ती आमच्याकडे राहिली. नवव्या दिवशी संकुलाच्या कार्यालयातून विचारणा आली: आपल्याकडे पाहुणे किती दिवस आहेत? नियमाप्रमाणे सात दिवसांवर मुक्काम झाला तर कळवावे लागते, आणि उद्वाहनात गाठोडी नेऊ नयेत.

"उगाच त्यांना कशाला त्रास?" ह्या वाक्याचे पोट इथे उघडते. मित्राकडे जाऊन दोन दिवस राहिले की तो आपल्याकडे येणार. सहलीला येणार नाही. त्याला कुठली सहल? तो येणार ते आईची गाठ वाढली म्हणून, मुलीची परीक्षा पुण्यात आहे म्हणून, न्यायालयात तारीख आहे म्हणून. पैसे भरून राहिलेल्या जागी हे भय नसते. त्या घरची म्हातारी आजारी पडली तर आपल्या फाटकावर येऊन बसणार नाही. आपण विकत घेतो ती विश्रांती नव्हेच. आपण विकत घेतो ती उतराई न होण्याची मुभा. आणि तिला वर सभ्यतेचा मुलामा देतो, की त्यांना त्रास नको!

खेड्याला आपल्या दोन दिवसांची फारशी गरज नाही. त्याला गरज आहे ती शहरात अंग टेकायला चार हात जागेची. परळला टाटा रुग्णालयाच्या बाहेर पदपथावर बिऱ्हाडे मांडून बसलेली माणसे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना हे जास्त सांगायला नको. कर्करोगाचा उपचार महिनोन्महिने चालतो. रोग्याला खाट मिळाली तरी सोबतच्याला कुठे मिळणार? दादरला गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा अशा रोग्यांना आणि त्यांच्या माणसांना आसरा देते, परळला नाना पालकर स्मृती समिती देते. त्यांचे उपकार फेडता येणार नाहीत. पण त्या पदपथावरच्या माणसांपैकी कितींचा एखादा वर्गमित्र, एखादा भाऊबंद ठाण्यात, डोंबिवलीत, बोरिवलीत स्वतःच्या घरात राहत असेल? मोजायला कोणी जाणार नाही. ते स्वतः सांगणार नाहीत, कारण त्यांनाही हे वाक्य पाठ झाले आहे: उगाच त्यांना कशाला त्रास.

जागा लहान, ही दुसरी सबब. ह्यावर मला हसू येते. गिरणगावात एका खोलीत वीस-वीस माणसे पाळ्यांनी झोपली. रात्रपाळीचा उठला की दिवसपाळीचा त्याच वळकटीवर. १९७२ च्या दुष्काळात गाव सोडून आलेल्यांना दहा-बारा फुटांच्या खोल्यांनी पोटात घेतले. तेव्हा जागा होती असे नव्हे. आज आमच्या संकुलात व्यायामशाळा आहे, पोहण्याचा तलाव आहे, कुत्र्यांना फिरायला वेगळे अंगण आहे, आणि सदनिकेत एक खोली अशी आहे की जिच्यात सायकल, जुना संगणक आणि न वापरलेले व्यायामाचे यंत्र राहते. यंत्राला खोली आहे हो!

तिसरी हरकत मात्र खरी आहे आणि ती मला माझ्याच घरात ऐकावी लागली. हा लेख अर्धा झाला तेव्हा पत्नीने वाचला आणि म्हणाली, "छान आहे. भाकरी कोण थापतं तेही लिहा." लिहितो. आपल्या पाहुणचाराच्या गोडव्यांत ही एक मोठी लबाडी दडलेली आहे. घर पुरुषाचे, मित्र पुरुषाचा, शब्द पुरुषाने दिलेला, आणि पहाटे पाचला उठून चुलीपुढे बसायचे बाईने. अंतरवालीत वहिनी पहाटे भाकऱ्या थापून, भांडी आवरून आमच्याआधी कापसाच्या रानात पोहोचलेल्या होत्या. ज्यांना आपल्या घरी पाहुणा नको वाटतो त्यांत बायका अधिक असतील, तर त्याचे कारण त्यांचे मन लहान आहे हे नसून त्यांच्या कमरेला किती काम आहे हे त्यांना कळते, हे आहे. ह्याला उपाय पाहुणा बंद करणे नव्हे. उपाय असा, की ज्याने "या" म्हटले त्याने पदर नाही तर पंचा खोचावा. हुरड्याच्या दिवशी अंतरवालीत चूल थंड होती. सगळे काम आम्ही पुरुषांनी शेतात केले आणि वहिनी बाभळीच्या सावलीत आडव्या झाल्या. बाई आमच्याकडे होती त्या अठरा दिवसांत सकाळचा स्वयंपाक माझ्याकडे आणि मुलाकडे होता. माझी भाकरी महाराष्ट्राच्या नकाशासारखी होई, कोकणपट्टी वेगळी निघे. बाईने ती एकदाही नाव न ठेवता खाल्ली, आणि दहाव्या दिवशी मात्र म्हणाली, "लेकरा, पीठ गरम पाण्यात मळ." तेव्हापासून ती गोल होते.

हे सगळे डोक्यात ठेवून यंदाच्या सप्टेंबरात संकुलाच्या वार्षिक सर्वसाधारण सभेपुढे मी एक ठराव ठेवला. पोहण्याच्या तलावाशेजारी एक खोली आहे, तिच्यात फुटक्या खुर्च्या भरून ठेवल्या आहेत. ती रिकामी करावी, दोन खाटा टाकाव्यात, संडास-मोरी करून घ्यावी, आणि बाहेरगावाहून औषधपाण्यासाठी येणाऱ्या सभासदांच्या पाहुण्यांना ती विनामूल्य द्यावी. भाडे घ्यायचे नाही, कारण भाडे घेतले की पुन्हा तेच. चर्चा पाऊण तास झाली. एक सभासद म्हणाले, ह्याने सदनिकांचे भाव पडतील. दुसरे म्हणाले, आजारी माणसे आणि तलाव शेजारी-शेजारी बरे दिसत नाही. एका तरुण बाईंनी उठून सांगितले, की त्यांचे वडील परभणीहून तपासणीला येतात ते दर वेळी लॉजवर उतरतात, आणि हे त्यांनी आजवर कोणाला सांगितले नव्हते. त्यानंतर सभेत थोडा वेळ कोणी बोलले नाही. शेवटी ठराव पुढच्या सभेपर्यंत तहकूब ठेवण्यात आला, आणि खुर्च्यांची यादी करण्यासाठी एक उपसमिती नेमण्यात आली. उपसमितीत मी आहे, त्या बाई आहेत, आणि तलावाची काळजी वाहणारे ते गृहस्थही आहेत.

बाईची पुढची तपासणी कार्तिकात आहे. ह्या वेळी फाटकावरच्या पहारेकऱ्याला मी आधीच सांगून ठेवले आहे, की तिच्याजवळ फोन नसतो, तिचे छायाचित्र काढू नये, तिला थेट वर आणावे आणि गाठोडे उद्वाहनात घ्यावे. कार्यालयाने मात्र मुक्काम किती दिवसांचा ते लेखी मागितले आहे. मी लिहून दिले आहे: डॉक्टर सांगतील तेवढा.